जुन्या बारटेंडिंग पुस्तकांतल्या कॉकटेल रेसिपी शेजारी शेजारी ठेवून कशा तपासायच्या

साइडकार नावाचं एक कॉकटेल आहे, त्यात वस्तू तीनच, कोन्याक ब्रँडी, क्वांत्रो (संत्र्याच्या सालीची गोड लिकर) आणि लेमनचा रस. १९२२ च्या पुस्तकात तिन्ही समान भाग, १९३० च्या पुस्तकात ब्रँडी दुप्पट, आणि १९४८ च्या पुस्तकात आठ भाग ब्रँडीला दोन भाग लेमन आणि फक्त एक भाग क्वांत्रो. नाव तेच, वस्तू त्याच, आणि पेयं मात्र तीन वेगळी. मला या गोष्टीचं इतकं वेड लागलं की गेली काही वर्षं मी रविवारी संध्याकाळी जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं उघडून एकाच कॉकटेलच्या तीन-चार रेसिपी करून बघतो, वहीत लिहून ठेवतो, आणि त्यातून जी पद्धत बसत गेली ती इथे सगळी लिहितोय. नुसतं वाचून तुलना होत नाही, करून बघावीच लागते, पण करण्याआधी बरंच काम कागदावर करायचं असतं आणि बहुतेक लोक नेमकं तेच सोडतात.

आधीच सांगतो, महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी वय २५ लागतं आणि परमिटही लागतं, ते असेल तरच पुढे.

पुस्तकं कोणती घ्यायची

सुरुवातीला सात-आठ पुरेत. जेरी थॉमसचं १८६२ चं न्यूयॉर्कमधलं पुस्तक, अमेरिकेतलं छापील बारटेंडिंग पुस्तक म्हटलं की पहिलं हेच समोर येतं. मग ओ. एच. बायरनचं १८८४ चं, हॅरी जॉन्सनचं मॅन्युअल, त्याची १८८८ ची आवृत्ती. ह्यूगो एन्सलिनचं १९१६ चं, तो न्यूयॉर्कच्या हॉटेल वॉलिकमध्ये बारटेंडर होता. १९२२ ची दोन, हॅरी मॅकेल्होन आणि रॉबर्ट व्हर्मेर. १९३० चं हॅरी क्रॅडॉकचं सॅव्हॉय कॉकटेल बुक, आणि शेवटी डेव्हिड एम्बरीचं १९४८ चं, हा माणूस पेशाने वकील होता, बारटेंडर नव्हता, आणि त्याच्या रेसिपीत ते जाणवतं कारण तो प्रत्येक गोष्ट नियमात बसवायला बघतो. यातली जुनी बरीचशी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर आणि ईयूव्हीएस या फ्रान्समधल्या वाइन-दारूच्या संग्रहालयाच्या डिजिटल लायब्ररीत फुकट वाचता येतात.

आता आवृत्तीचं बघा, कारण इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. लोक बिनधास्त लिहितात की मार्टिनेझ हे कॉकटेल जेरी थॉमसच्या १८६२ च्या पुस्तकात आहे. नाहीये. १८६२ च्या पुस्तकात कॉकटेल या नावाखाली जेमतेम दहाच्या आसपास रेसिपी आहेत, त्यात मार्टिनेझ नाही. ते येतं १८८७ च्या आवृत्तीत, आणि थॉमस वारला १८८५ मध्ये, म्हणजे ती आवृत्तीच त्याच्या मागे निघालेली. तेव्हा वहीत नुसतं जेरी थॉमस असं लिहू नका, सालासकट लिहा.

दुसरं, स्कॅनचं आपोआप काढलेलं टेक्स्ट वापरू नका. अपूर्णांक हमखास चुकतात, एक तृतीयांशच्या जागी भलतंच चिन्ह येतं नाहीतर अर्ध्याचं पाव होतं. पानाचा फोटो उघडून डोळ्यांनी वाचा आणि हाताने लिहून घ्या, वेळ लागतो पण त्याला पर्याय नाही.

माप मिलीमध्ये आणणं

आपल्याला पेगची सवय आहे त्यामुळे हा भाग आपल्याला खरं तर सोपा जातो. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन पुस्तकांत वाइनग्लास असं माप येतं, ते आजचा वाइन प्यायचा मोठा ग्लास नाही, ते साधारण २ औंस म्हणजे जवळजवळ ६० मिली, आपला लार्ज. पोनी म्हणजे १ औंस, साधारण ३०, आपला स्मॉल. एवढं लक्षात ठेवलंत तरी १९०० च्या आधीची निम्मी पुस्तकं वाचता येतात. जिगर मात्र सरकतं माप आहे, कुठे दीड औंस तर कुठे दोन, त्यामुळे त्या पुस्तकात पुढेमागे काय सांगितलंय ते बघूनच ठरवा.

गिलचं प्रकरण वेगळं. अमेरिकन गिल ४ औंसांचा, साधारण ११८ मिली, आणि ब्रिटिश गिल ५ औंसांचा, साधारण १४२ मिली. व्हर्मेरचं पुस्तक लंडनचं, तो साइडकारला प्रत्येक वस्तू एक षष्ठांश गिल सांगतो. ब्रिटिश हिशोबाने ते जवळपास २४ मिली, अमेरिकन हिशोबाने २० मिली होईल. तिन्ही समान असल्यामुळे इथे चवीला फरक पडत नाही, पण जिथे अशा मापासोबत डॅश, म्हणजे बाटलीचा एक छोटा झटका, येतो तिथे पडतो.

डॅश म्हणजे नक्की किती यावर भांडत बसू नका, तुमच्यापुरता एक आकडा ठरवा आणि कायम तोच वापरा. मी १ मिली धरतो. मेडिकलच्या दुकानातून सुई नसलेल्या सिरिंज आणा, एक २ मिलीची आणि एक १० मिलीची, याच्याइतकं अचूक आणि स्वस्त काहीच नाही. आणि एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली, भाग हे प्रमाण असतं पण डॅश हे ठरलेलं माप असतं, म्हणजे सॅव्हॉयमध्ये दोन तृतीयांश जिन, एक तृतीयांश अमुक आणि दोन डॅश तमुक असं असेल आणि तुम्ही ६० मिलीऐवजी ३० मिलीचं छोटं पेय करत असाल तर डॅशही अर्धा करायचा, नाहीतर छोट्या ग्लासात बिटर्स, म्हणजे थेंबाथेंबाने घालायचा कडू अर्क, दुप्पट कडक लागतात आणि आपण उगाच पुस्तकाला दोष देतो.

शब्द तोच, वस्तू वेगळी

१८८० च्या दशकातल्या अमेरिकन पुस्तकात नुसतं व्हर्मूथ (वनस्पती घालून मुरवलेली वाइन) लिहिलं असेल तर बहुतेक वेळा ते इटालियन, गोड आणि लालसर. फ्रेंच म्हटलं की ड्राय. जिनही तसंच, ओल्ड टॉम जिन ही थोडी गोडसर असायची, आजची लंडन ड्राय नाही. भारतात ओल्ड टॉम सहज मिळत नाही, मी ३० मिली ड्राय जिनमध्ये २ मिली पाक घालून काम चालवतो, अगदी तेच होत नाही पण गोडव्याची दिशा कळते. गम सिरप म्हणजे साखरेचा पाक ज्यात अरबी डिंक विरघळवलेला असतो, हा डिंक बाभळीच्याच कुळातल्या झाडाचा, आपल्या डिंकाच्या लाडवातल्या डिंकाचा जवळचा नातेवाईक. त्याने गोडी वाढत नाही, पेयाला तोंडात एक मऊ घट्टपणा येतो. रोजच्या तुलनेसाठी साखर आणि पाणी सारख्या वजनाने घेऊन केलेला साधा पाक चालेल, फक्त एकतारी वगैरे करू नका, साखर विरघळली की गॅस बंद.

आता लिंबू. पुस्तकातलं लेमन म्हणजे ते मोठं पिवळं, आपलं कागदी लिंबू नाही, आपलं लिंबू हे लाइमच्या घरातलं. कागदी लिंबाने केलेली साइडकार जास्त बोचरी लागते आणि मागे एक कडवट छटा राहते. तुलना करायची तर पिवळं लेमन आणा, मॉलमध्ये मिळतं, आणि रस त्याच दिवशी काढा. तेही जमत नसेल तर सगळ्या ग्लासांत कागदीच वापरा, पण वहीत तसं लिहा. आणि काही जुन्या ब्रिटिश रेसिपीत लाइम ज्यूस म्हणजे ताजा रस नसतो, रोझचं बाटलीतलं गोड कॉर्डियल असतं. सॅव्हॉयमधलं गिम्लेट बघा, अर्धी प्लिमथ जिन, अर्धं रोझ कॉर्डियल, तिथे कुणी ताजा रस अर्धा ग्लास ओतला तर पिताच येणार नाही.

काही वस्तू जगातूनच गेल्या. थॉमस आणि जॉन्सन दोघेही बोकर्स बिटर्स वापरतात, ते अमेरिकेतल्या दारूबंदीच्या, म्हणजे १९२० ते १९३३ च्या सुमाराला संपलं. किना लिले ही कडवट फ्रेंच वाइन आज त्या रूपात मिळत नाही, १९८६ मध्ये ते बदलून कमी कडू केलं. अशा ठिकाणी जवळचं काहीतरी वापरा, पण चारही ग्लासांत एकच.

बाटल्यांबद्दल अजून एक. एकदा मी १८८८ च्या जॉन्सनच्या मार्टिनीवर वहीत फार वाईट शेरा लिहिला होता, आंबूस, बेचव, वगैरे. नंतर लक्षात आलं की व्हर्मूथची बाटली आठ महिने उघडी कपाटात उभी होती. व्हर्मूथ ही वाइन आहे, उघडली की फ्रिजमध्ये, आणि महिना दीड महिन्यात संपवायची. नवीन बाटली आणून तेच पेय परत केलं तर मला ते अतिशय आवडलं, आणि तो जुना शेरा मी खोडून टाकला. तेव्हापासून बाटली उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहितो.

बर्फ आणि हात

पुस्तकं इथे फार वेगवेगळं सांगतात, कोणी बर्फाचे दोन छोटे तुकडे म्हणतं, कोणी बारीक बर्फ, आणि सॅव्हॉय तर मार्टिनीसुद्धा शेक करून गाळायला सांगतं. पहिल्या फेरीत हे सगळं बाजूला ठेवा. सगळ्या ग्लासांना एकच बर्फ, एकाच ट्रेचा, आणि एकच पद्धत. किचनमधला वजनकाटा वापरा, ६० ग्रॅम पेय आत गेलं आणि गाळून ७५ ते ८० ग्रॅम बाहेर आलं तर पाणी बरोबर मिसळलंय. एका ग्लासात ७५ आणि दुसऱ्यात ९० आलं तर तुम्ही रेसिपीची नाही, बर्फाची तुलना करताय. पुस्तकाची स्वतःची पद्धत दुसऱ्या फेरीत करून बघा.

आता प्रत्यक्ष करूया, साइडकार

सुरुवातीला हीच घ्या कारण वस्तू तीन आणि डॅश एकही नाही. छोट्या मापाने करायचं.

पहिला ग्लास, १९२२, मॅकेल्होन आणि व्हर्मेर दोघांचंही प्रमाण समान भाग, आणि दोघेही श्रेय देतात लंडनच्या बक्स क्लबच्या मॅकगॅरीला. कोन्याक १०, क्वांत्रो १०, लेमन १० मिली. दुसरा ग्लास, १९३० चं सॅव्हॉय, कोन्याक १५, क्वांत्रो साडेसात, लेमन साडेसात. तिसरा, १९४८, एम्बरी, कोन्याक २०, लेमन ५, क्वांत्रो अडीच.

प्यायच्या आधी आकडे मांडा. कोन्याक आणि क्वांत्रो दोन्ही ४० टक्क्यांचे, त्यामुळे बर्फाआधी पहिला ग्लास साधारण २७ टक्के, दुसरा ३०, तिसरा ३३. फार मोठा फरक नाही ना? मग चवीत एवढी दरी का? कारण खरी गोष्ट गोड आणि आंबटाच्या आपसातल्या नात्यात आहे. १९२२ आणि १९३० मध्ये क्वांत्रो आणि लेमन एकास एकच आहेत, क्रॅडॉकने त्या जोडीला हात लावलेला नाही, फक्त ब्रँडी वाढवून दोघांना मागे ढकललंय. एम्बरीने मात्र ती जोडीच मोडली, लेमन क्वांत्रोच्या दुप्पट केलं, कारण त्याच्या मते आंबट पेयाला एक भाग गोड, दोन भाग आंबट, आठ भाग दारू हाच नियम हवा. हे एकदा कागदावर दिसलं की जिभेवर लगेच सापडतं. पहिला ग्लास संत्र्याच्या गोळीसारखा उजळ आणि चटकदार, दुसऱ्यात ब्रँडी ऐकू यायला लागते, तिसरा कोरडा आणि ताठ, त्यात क्वांत्रो शोधावं लागतं. मला स्वतःला सॅव्हॉय सगळ्यात जास्त आवडतं, आणि एम्बरीचं प्रमाण चांगली जुनी कोन्याक असेल तरच पटतं.

क्वांत्रो महाग आहे हे खरं. त्याऐवजी साधं ट्रिपल सेक, म्हणजे तशीच संत्र्याची लिकर, वापरलंत तरी तुलना चालते, फक्त त्यातला अल्कोहोल कमी असू शकतो, लेबल बघून वरचे टक्के परत काढा. आणि कोन्याकऐवजी आपली ब्रँडी घेणार असाल तर तीही लेबल वाचून, आपल्याकडची बरीच स्वस्त ब्रँडी मळीच्या स्पिरिटवर बनते, द्राक्षाची घ्या.

ग्लासांच्या तळाला १, २, ३ असे स्टिकर लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी त्यांची जागा बदलायला सांगा. माझी बायको हे काम करते आणि तिचा शेरा मी आधी लिहून घेतो, कारण तिने पुस्तकं वाचलेली नाहीत, त्यामुळे तिची जीभ मोकळी असते. मध्ये मध्ये पाणी आणि साधा पाव. तीन छोटे ग्लास मिळून अल्कोहोल साधारण दोन स्मॉल पेगांएवढं होतं, दोघांत वाटलं तर एकेक, आणि एका दिवसात एवढंच. तिसऱ्या ग्लासानंतर जीभ बोथट होते, पुढचे शेरे विश्वासाचे राहत नाहीत.

मार्टिनेझपासून मार्टिनीपर्यंत

हे खूप अवघड पण खूप समृद्ध प्रकरण आहे, साइडकार दोनदा करून झाल्यावरच याला हात घाला. १८८७ चं मार्टिनेझ, एक पोनी ओल्ड टॉम जिन, एक वाइनग्लास व्हर्मूथ, दोन डॅश माराश्किनो (चेरीची लिकर), एक डॅश बोकर्स. म्हणजे जिन ३० आणि व्हर्मूथ ६०, व्हर्मूथ दुप्पट, आजच्या मार्टिनीवाल्याला हे उलटं छापलंय असंच वाटेल. १८८८ चा जॉन्सन, ओल्ड टॉम आणि व्हर्मूथ अर्धा अर्धा वाइनग्लास, वर दोन-तीन डॅश गम सिरप, दोन-तीन डॅश बिटर्स, एक डॅश क्युरासाव (हीही संत्र्याची लिकर). १९३० चं सॅव्हॉय ड्राय मार्टिनी, दोन तृतीयांश ड्राय जिन, एक तृतीयांश फ्रेंच व्हर्मूथ. आणि एम्बरी सातास एक.

हे चार तसेच्या तसे करून शेजारी ठेवलेत तर फार काही कळणार नाही, कारण यात तीन गोष्टी एकदम बदलतायत, प्रमाण, जिनची जात आणि व्हर्मूथची जात. म्हणून तीन रविवार करा. पहिल्या रविवारी ड्राय जिन आणि गोड व्हर्मूथ पक्कं ठेवून फक्त प्रमाण बदला, एकास दोन, एकास एक, दोनास एक. दुसऱ्या रविवारी एकास एक पक्कं ठेवून जिन बदला, एकदा ड्राय, एकदा ओल्ड टॉम. तिसऱ्या रविवारी व्हर्मूथ बदला. मग चौथ्या रविवारी पुस्तकातले चार जसेच्या तसे करा, आणि बघा, आता प्रत्येक ग्लासात काय कशामुळे आलंय ते तुम्हाला बोट ठेवून सांगता येईल. माझ्या जिभेला तरी सगळ्यात मोठी उडी प्रमाणाने आली नाही, गोड व्हर्मूथ जाऊन ड्राय आलं तिथे आली.

बायरनचं १८८४ चं पुस्तक इथे एक सुंदर कोडं घालतं. तो मार्टिनेझची रेसिपी देतच नाही, म्हणतो मॅनहॅटनसारखंच, फक्त व्हिस्कीऐवजी जिन. पण त्याच्याच पुस्तकात मॅनहॅटन दोन आहेत, एकात फ्रेंच व्हर्मूथ एक पोनी आणि व्हिस्की अर्धी पोनी, दुसऱ्यात इटालियन व्हर्मूथ आणि व्हिस्की समान, सोबत क्युरासाव. कुठल्या मॅनहॅटनसारखं ते सांगितलेलं नाही. मी दोन्ही जिन घालून केले. दुसरा जॉन्सनच्या १८८८ च्या मार्टिनीच्या इतका जवळ जातो की डोळे मिटून ओळखता येत नाही, आणि ते बघून मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही.

एखादी वस्तू गळते तेव्हा

एन्सलिनच्या १९१६ च्या पुस्तकातलं एव्हिएशन, दोन तृतीयांश जिन, एक तृतीयांश लेमन, दोन डॅश माराश्किनो, दोन डॅश क्रेम द व्हायोलेट, म्हणजे व्हायोलेट फुलांची जांभळी लिकर. सॅव्हॉयमध्ये तेच आहे, पण व्हायोलेट गायब. त्यामुळे आकाशाचा तो फिका जांभळा रंगच गेला, आणि पुढे कित्येक वर्षं लोक सॅव्हॉयचंच करत राहिले. दोन्ही करताना एक जाणवेल, दोन्ही भयंकर आंबट आहेत कारण गोड म्हणून फक्त ते डॅश आहेत, ही तुमची चूक नाही, प्रमाणच तसं आहे. आधी जसंच्या तसं करा, लिहून ठेवा, मगच हवं तर माराश्किनो वाढवा.

आणि आपल्याकडचं एक

हे बारटेंडिंगच्या पुस्तकातलं नाही, त्याहून जुनं आहे, पण तीच पद्धत इथेही लागू पडते म्हणून घेतोय. १६९४ मध्ये मुंबईच्या इंग्रज सरकारने हुकूम काढला होता की कोणीही माणूस खानावळीत पंच प्यायला आला तर त्याला एक क्वार्ट चांगली गोव्याची अराक, अर्धा पाउंड साखर आणि अर्धा पिंट चांगलं लाइम वॉटर मागता येईल आणि त्याने आपला पंच आपणच करावा. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी आलेल्या जेरी थॉमसइतकीच ही स्पष्ट रेसिपी आहे.

माप आधी. त्या काळचा वाइन क्वार्ट साधारण ९५० मिली, अर्धा पाउंड म्हणजे २२५ ग्रॅमच्या आसपास, अर्धा पिंट साधारण २४० मिली. मग शब्द. लाइम वॉटर हे इंग्रजी शाळेत शिकलेल्या कुणालाही चुन्याची निवळी वाटेल, इथे तो लिंबाचा रस आहे, आणि इथे मात्र कागदी लिंबूच बरोबर. मग वस्तू. गोव्याची अराक म्हणजे माडाच्या सुरेपासून गाळलेली, म्हणून काजूची फेणी घेऊ नका, माडाची घ्या, गोव्यात शोधली की मिळते. हुकुमात पाण्याचा आणि मसाल्याचा उल्लेख नाही, पण पंच हा शब्दच पाच वस्तूंवरून आला असं त्याच काळात भारतात आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने लिहून ठेवलंय, तेव्हा पाणी आणि मसाला माणसाने आपल्या हाताने घालायचा असं मी धरतो.

एका माणसापुरतं प्रमाण असं बसतं, माडाची फेणी ६० मिली, साखर १४ ते १५ ग्रॅम, कागदी लिंबाचा रस १५ मिली. साखर आधी रसात पूर्ण विरघळू द्या, मग फेणी, मग ९० मिली गार पाणी, वरून थोडं जायफळ किसून. एक ग्लास पाण्याशिवाय करा, एक पाण्यासकट, दोन्ही छोटे. पाण्याशिवायचा घोट घेतलात की पहिल्यांदा वाटतं हे कोणी कसं पीत असेल, आणि पाणी पडल्यावर माडाचा तो वास एकदम मोकळा होतो.